ट्रान्झिट, पण कुठलं?

चार माणसं एका छंदाला लागली की किस्से आपोआप साठतात, गोदामात रिकामी खोकी साठतात तसे. टाकून देववत नाहीत आणि कुणी विचारलं की एक काढताना चार अंगावर येतात. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात आम्ही चौघं आकाशवेडे होतो: ड्रॉइंग ऑफिसातले देवधर, जमीन मोजणारे शेखसाहेब, भोसरीहून सायकलनं येणारा हमाल गबाजी आणि स्टोअरकीपर मी. आमची निम्मी भांडणं एकाच इंग्रजी शब्दावरून झाली. ट्रान्झिट!

*

देवधरांनी पहिल्यांदा निमंत्रण दिलं, "रविवारी संध्याकाळी ट्रान्झिट बघायला घरी या." एखादा तारा आकाशातली उत्तर-दक्षिण रेघ ओलांडतो, त्याला ते ट्रान्झिट म्हणत. शेखसाहेब तेव्हा आमच्यात नवे. मोजणीच्या दुर्बिणीलाच त्यांच्या धंद्यात ट्रान्झिट म्हणतात. कासारवाडी स्टेशनापासून तिपाई आणि लाकडी पेटी खांद्यावर घेऊन ते घामाघूम होऊन पोचले.

"बघा हवं तेवढं," पेटी उघडत म्हणाले, "पण भिंगाला बोट लावू नका!"

तारा राहिला बाजूला. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी पेटीच बघितली.

*

ताऱ्याच्या ट्रान्झिटवर देवधर घड्याळ लावत. त्या घड्याळाच्या हिशेबानं कारखान्याचा भोंगा चुकतो, असं त्यांचं ठाम मत. एकदा भोंगा होऊन गेल्यावर आले आणि टाइमकीपरलाच सुनावलं, "मी वेळेवर आलोय. तुमचा भोंगा पुढे आहे. ताऱ्याला विचारा!"

टाइमकीपरनं शांतपणे त्यांच्या नावापुढे लाल फुली मारली.

"मग पगारही त्याच्याकडूनच घ्या, साहेब!"

*

माझ्या स्टोअरमध्ये तिसराच अर्थ. तिकडून निघालेला पण इकडे न पोचलेला माल म्हणजे ट्रान्झिटमध्ये. गबाजीला हा अर्थ भारी आवडला. चाकणच्या बाजारात त्यानं बैल घेतला. बैलानं मोशीपाशी जी बैठक मारली, ती काही केल्या उठेना. गबाजी त्याला ओळखीच्या माणसापाशी सोडून एकटाच घरी आला.

"बैल कुटं हाय?" बायकोनं दारातच विचारलं.

"ट्रान्झिटमदी हाय!"

दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर बायकांना सांगत होती, "आमचा बैल साधा न्हाई. ट्रान्झिट जातीचा हाय!"

*

शेवटी देवधरांनीच कायदा केला. शब्द उच्चारला की बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे शेखसाहेबांची दुर्बीण, दोन म्हणजे तारा, तीन म्हणजे माझा माल आणि चार म्हणजे सगळ्यांत मोठं, ग्रह सूर्याच्या तोंडावरून आडवा जातो ते.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात बुध तसा जाणार होता. सूर्य उगवायचा तोच बुधाला घेऊन आणि आठच्या सुमारास खेळ खलास. पहिली पाळी सातची! देवधर मॅनेजरकडे गेले. "सर, रजा हवी होती. ट्रान्झिट आहे," म्हणाले आणि सवयीनं चार बोटं वर केली.

"चार दिवस? अजिबात नाही! फार तर एक मिळेल."

देवधरांना हवा होता एक तास!

*

पण त्या तासासाठी त्यांचा जीव खरंच टांगणीला लागला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टर ऑपरेशनची घाई करत होते आणि हे "आधी बुध, मग पट्टी" म्हणून अडून बसलेले. इथून असा बुध पुन्हा दिसायला बरीच वर्षं जायची होती आणि देवधर तर पेन्शनीला आलेले. त्यात आमच्या मंडळाचा एक नियम होता, तोही त्यांचाच. ठिपका ज्यानं स्वतः काडीनं दाखवला, त्यालाच तो दिसला असं धरायचं. मित्राच्या सांगण्यावर मान डोलावली तर ते बाद!

पिंपळे गुरवच्या माळावर उजाडता उजाडता शेखसाहेबांनी ट्रान्झिट उभं केलं आणि त्यातून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं. बिंबावर खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका! मी काडीनं दाखवला. शेखसाहेबांनी दाखवला. गबाजीनं दाखवला आणि म्हणाला, "आयला, बारकं पोर बापाच्या मांडीवर बसलंय!"

मग काडी देवधरांच्या हातात गेली. ती पुठ्ठ्यावर फिरली, घुटमळली आणि एके जागी टेकली. ठिपक्यापासून चांगली दोन इंच लांब.

मला त्यांच्याकडे बघवेना.

शेखसाहेबांनी हळूच दुर्बिणीच्या स्क्रूला हात घातला. बिंब पुठ्ठ्यावर सरकायला लागलं. सरकत सरकत बुध बरोबर काडीच्या टोकाखाली येऊन थांबला.

"बरोब्बर, देवधर!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

देवधरांनी काडी हलवली नाही. पुठ्ठ्यावरची नजरही काढली नाही.

"शेखसाहेब," ते म्हणाले, "स्क्रूला जरा तेल देत जा. मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत आहे, कानांत नाही!"