पृथ्वी फुगते म्हणणारे काका

आजोबांची जमीन मुळशीच्या धरणात बुडाली, तेव्हापासून आमचं घर मजुरीवर चाललं. भूशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला मी पौडहून एसटीनं पुण्याला निघालो होतो. शेजारच्या सीटवरचे अनोळखी काका सारखा पाय हलवत होते. माझ्या पुस्तकातल्या नकाशावर त्यांनी बोट आपटलं.

"खंड सरकत न्हाईत रं! पृथ्वी भाकरीवानी फुगतीया, म्हून वरचा पापुद्रा फाटलाय."

"काका, भाकरी वाफंनं फुगती. पृथ्वी कशानं?"

पाय थांबला. "त्येच तर घावंना. झोप लागत न्हाई मला."

खंड सरकतात हे का मानतोस, असं परीक्षकांनी विचारलं. मी म्हणालो, "सरकण्याला कारण सापडतं. फुगण्याला अजून नाही."

पुस्तक पाठ केलेले पुष्कळ भेटले. प्रश्नापायी झोप उडालेले ते एसटीतले काका एकटेच.

मी पास झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.