हात मोडण्याआधी तीन दिवस

बुधवार. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. सिंगापूरमधलं एक विद्यापीठ, ऑफिसच्या इमारतीचा तिसरा मजला, काउंटर क्रमांक चार. पलीकडे एक बाई, अलीकडे मी. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डाव्या हातात चार पानी अर्ज, सहा प्रतींसह.

वेळ आणि ठिकाण आधी सांगायची ही माझी जुनी सवय. पुण्यात अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केली, दुसऱ्यांच्या फजित्या याच पद्धतीने छापल्या. मग स्वतःची सांगताना वेगळा नियम कशाला? चहा घ्या आणि ऐका. मध्ये हसलात तरी चालेल, घरचे अजून हसतायत.

तर आधी मी तिथे कसा, ते सांगतो.

माझ्या बायकोला, वैशालीला, तुआसच्या एका कारखान्यात वरच्या जागेवर नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. तिच्या नोकरीच्या पासवर, म्हणजे परवान्यावर, माझा पास. त्यावर माझ्याबद्दल एकच शब्द लिहिलाय: डिपेंडंट. अख्ख्या महापालिकेला ज्याने घाम फोडला, तो आता अवलंबून! पहिलं वर्ष मी बेडोकच्या फ्लॅटमध्ये बसून लिफ्टच्या देखभालीबद्दल पत्रं लिहिली. लिफ्टला काही झालं नव्हतं. देखभालीची नोटीस चुकीच्या मजल्यावर लावली होती, हा माझा मुद्दा.

पाचव्या पत्रानंतर वैशाली म्हणाली, "अहो, तुम्हाला भांडायला मोठी जागा लागते. कॉलेजात जा."

गेलो. पत्रकारितेचा एक वर्षाचा कोर्स. वर्गात माझ्या वयाच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे इमारत. पण खरं सांगतो, मला तिथे बरं वाटायला लागलं होतं. सकाळी उठून जायला एक जागा होती. कुणीतरी मी लिहिलेलं वाचत होतं.

शेवटच्या विषयाचं कोर्सवर्क असं: एखादी सार्वजनिक व्यवस्था निवडा आणि तिच्यावर दीड हजार शब्दांचा लेख लिहा. मुदत मंगळवारी दुपारी बारा. मी पुलाउ उबीन बेटाच्या बोटी निवडल्या. बाराजण जमल्याशिवाय ती बोट सुटत नाही. कुणाची आरडाओरड नाही, रांग नाही, बारावा आला की सगळे निमूट उठतात. माझ्यासारख्याला हे संशयास्पदच वाटणार!

म्हणून रविवारी त्या बेटावर गेलो. काम झाल्यावर सायकल घेतली. उतारावर रानडुक्कर आडवं आलं. वैशाली म्हणते, नव्हतं आलं. दुसरा साक्षीदार नाही. मनगट मोडलं, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि चौदा दिवसांचं एमसी दिलं. एमसी म्हणजे आजारपणाचा दाखला. या देशात हा कागद दाखवला की पुढचं कुणी काही विचारत नाही. मी तो घडी करून डायनिंग टेबलावरच्या फळांच्या टोपलीखाली सरकवला. अंगात ताप घेऊन दंगलीची बातमी दिलेला माणूस मनगटाचा दाखला दाखवत फिरणार?

सोमवारी दुपारी मुदतवाढीचा फॉर्म मात्र उघडला. डाव्या हाताने नाव, नंबर, सगळं भरलं. मग अटी वाचल्या. पहिलीच अट अशी: मुदतवाढीचा अर्ज अंतिम तारखेच्या किमान तीन कामाचे दिवस आधी करावा.

तुम्हीच सांगा! रविवारी हात मोडला, मंगळवारी मुदत. तीन कामाचे दिवस आधी म्हणजे गेल्या आठवड्यात. गेल्या आठवड्यात हात धडधाकट होता! हात मोडण्याआधी तीन दिवस मी काय लिहून द्यायचं? 'येत्या रविवारी एक रानडुक्कर आडवं येणार आहे, तरी कृपा व्हावी'?

मी फॉर्म तसाच अर्धवट सोडला.

आमची मुक्ता सोळा वर्षांची. इथल्या शाळेत जाऊन दुसरंच वर्ष, पण मी मराठीत रागावलो की ती इंग्रजीत उत्तर देते, शेवटी इथला 'लाह' लावून. ती म्हणाली, "बाबा, जस्ट अटॅच द एमसी लाह. सो सिंपल."

"प्रश्न एमसीचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व इज व्हॉट?"

"तुझ्या आईला विचार."

"आई म्हणते, तत्त्व म्हणजे लिफ्ट."

मंगळवारी बारा वाजले. अठ्ठावीस वर्षांत माझी बातमी कधी उशिरा गेली नव्हती. घड्याळाकडे बघत बसलो. गंमत बाजूला ठेवून सांगतो, वाईट वाटलं. कोर्सवर्क नाही तर विषय गेला, विषय गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की मी परत लिफ्टसमोर.

आणि वाईट वाटलं की मला राग येतो. ही माझी प्रकृतीच आहे.

त्या गुरुवारचा वर्ग दुखण्यामुळे चुकला. पुढच्या गुरुवारचा मी बहिष्कार म्हणून चुकवला. बहिष्कार टाकल्याचं कुणाला कळवलं नव्हतं, एवढीच त्यात त्रुटी राहिली. विद्यापीठाचा ईमेल उघडणं तर फॉर्म सोडला तेव्हापासूनच बंद होतं. उत्तर द्यायचं तर सहीनिशी कागदावर द्या!

दरम्यान मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. माहिती अधिकार! आमच्याकडे या अर्जाने भले भले खुर्चीतून उठलेत. सिंगापुरात असा कायदा नाही, हे मला ठाऊक होतं. पण कायदा नसला म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत की काय? डाव्या हाताने बारा दिवस खपून चार पानं लिहिली. अक्षर पहिलीतल्या मुलाचं, भाषा सुप्रीम कोर्टाची. एकूण सतरा प्रश्न. प्रश्न पहिला: अपघात होण्याच्या तीन कामाचे दिवस आधी अर्ज करण्याची कार्यपद्धती काय? प्रश्न नववा: आमचे तपासलेले पेपर पाच आठवड्यांनी परत मिळतात, तर ती मुदतवाढ कुणी व कोणत्या नियमाखाली दिली?

पुण्याहून आणलेल्या फायलीत एक कोर्ट फी स्टॅम्प सापडला, दहा रुपयांचा. तो पहिल्या पानावर डकवला. स्टॅम्पशिवाय अर्ज म्हणजे कुंकवाशिवाय पत्रिका.

तर आता आपण बुधवारी, दहा वाजून पाच मिनिटांनी, काउंटर चारवर परत आलो.

बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर मिस तान असं नाव. माझ्याच वयाच्या असतील. तरी मी अंकल!

"येस अंकल? युअर हँड हाऊ?"

"हाताचा विषय नाही," मी इंग्रजीत ठणकावलं. "हा अर्ज आहे. सतरा प्रश्न आहेत. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित आहे."

त्यांनी पहिलं पान हातात घेतलं. स्टॅम्पवर बोट ठेवलं. "अंकल, पोस्ट ऑफिस डाउनस्टेअर्स."

"हा टपालाचा स्टॅम्प नाही! ही फी आहे."

"दिस वन नॉट सिंगापूर मनी."

"तत्त्व म्हणून लावलाय."

"ओके," मिस तान म्हणाल्या. या ओकेमध्ये कसलाही विरोध नव्हता. विरोध नसला की मला पुढचं वाक्य सुचत नाही.

"मला पोच हवी," मी म्हणालो. "माझ्या प्रतीवर शिक्का मारा. मिळाल्याचा."

"चॉप? नो चॉप, अंकल. एव्हरीथिंग ऑनलाइन."

"शिक्क्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मागे रांग होती. आमच्याकडे अशा वेळी रांगेतला एकजण तरी म्हणतो, "बरोबर आहे साहेबांचं!" मी वाट बघितली. एका मुलाने मला बसायला खुर्ची आणून दिली. आंदोलकाला खुर्ची! असा अपमान माझा मंत्रालयातही झाला नव्हता.

मिस तान उठल्या, तीन ड्रॉवर शोधले आणि एक शिक्का घेऊन आल्या. विद्यापीठ बघायला येणाऱ्या लहान मुलांच्या हातावर मारायचा होता तो. माझ्या चारी पानांवर त्यांनी तो नीट दाबून मारला. मी प्रत उचलून बघितली. एक जांभळा तारा. हसरा.

"नाऊ हॅपी?" त्यांनी विचारलं. "गिव्ह मी स्टुडंट नंबर. आय चेक."

मी नंबर सांगितला. त्यांनी टाइप केला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे.

"अंकल, युअर एक्स्टेन्शन अप्रूव्ह्ड ऑलरेडी."

"काय?"

"टू वीक्स अगो. ट्यूसडे मॉर्निंग, नाइन ओक्लॉक. ईमेल ऑल्सो सेंट."

म्हणजे मुदत संपायच्या तीन तास आधी! मी बारा वाजताना घड्याळाकडे बघत बसलो होतो, तेव्हा मंजुरी माझ्या न उघडलेल्या ईमेलमध्ये पडलेली होती.

"पण तीन दिवसांची अट?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. अटींचं दुसरं पान. त्यातली पहिलीच ओळ: आजारपण किंवा अपघात असल्यास वरील अट लागू नाही, एमसी जोडावं.

दुसरं पान! अहो, पानाखाली बाण होता. मी बघितलाच नव्हता. आयुष्यभर नव्या पोरांना शिकवलं, कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बातमी करू नका!

"क्लासेस ऑल्सो ओके," मिस तान म्हणाल्या. "बोथ थर्सडे, मेडिकल लीव्ह."

माझा बहिष्कार त्यांनी आजारपणात जमा केला होता.

"नवी मुदत कधीची?" मी बारीक आवाजात विचारलं.

"टुडे. ट्वेल्व्ह नून."

घड्याळात दहा पंचवीस. माझ्याकडे दीड हजार शब्दांच्या लेखातला एकही शब्द नव्हता. बारा दिवसांत मी दोन हजार शब्द लिहिले होते, पण ते सगळे काउंटरवर पडले होते, हसऱ्या ताऱ्याखाली.

"अजून थोडी मुदत..."

"कॅन आस्क," त्या म्हणाल्या. "बट दिस टाइम हँड ऑलरेडी ब्रोकन. सो मस्ट आस्क थ्री डेज बिफोर."

या वेळी नियम अगदी बरोबर होता.

मी जायला वळलो आणि एकदम थांबलो. "पण मी अर्ज पाठवलाच नव्हता! अर्धवट सोडला होता."

मिस तान यांनी परत बघितलं. "सबमिटेड. मंडे, सेव्हन ट्वेन्टी पीएम. एमसी ऑल्सो अटॅच." एमसीचा फोटो उघडला. एमसीखाली आमच्या डायनिंग टेबलाचं मेणकापड, त्याच्यावरचे पिवळे आंबे आणि कोपऱ्यात फळांच्या टोपलीची कड.

"कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

त्यांनी हळू वाचलं, इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असं: 'हात मोडला आहे. ते स्वतः मागणार नाहीत. म्हणून मी मागते आहे, पण तेच मागत आहेत असं कृपया समजावं.'

"हे कोणी लिहिलं?"

"लॉगिन युवर्स," मिस तान म्हणाल्या. "सो यू, लाह."

मग मी लायब्ररीत गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायला बसलो. आवृत्ती सुटायची वेळ झाली की माझं डोकं आपोआप चालतं, तेवढी एक गोष्ट इथेही सोबत आली आहे. बोटी सोडून दिल्या. विद्यापीठाची मुदतवाढीची व्यवस्था घेतली. माझे सतराच्या सतरा प्रश्न घातले आणि त्यातल्या सोळांची उत्तरं दुसऱ्या पानावर कशी होती तेही घातलं. अकरा अठ्ठावन्नला पाठवलं.

पास झालो. शेरा मिळाला तो असा: 'प्रश्न जोरदार. मात्र लेखकाने दुसरं पान आधी वाचलं असतं, तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.' शेरा यायला पाच आठवडे लागले. नवव्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी मी घरी दोघींचे जबाब घेतले. वेगवेगळे घेतले, एकीला स्वयंपाकघरात, दुसरीला तिच्या खोलीत. अर्ज गेला त्या सोमवारी सात वीसला कुठे होतीस?

वैशाली म्हणाली, "तुआसहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. तुमचा पासवर्ड मला कसा माहीत असणार?"

मुक्ता म्हणाली, "बॅडमिंटन प्रॅक्टिस. अँड आय डोन्ट नो युअर पासवर्ड, ओके."

पासवर्ड फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. दूध काढताना दोघींना तो रोज दिसतो.

पासवर्डबद्दलचे दोन्ही जबाब एकमेकांशी तंतोतंत जुळले. इतके जुळणारे जबाब मी अठ्ठावीस वर्षांत फक्त पढवलेल्या साक्षीदारांकडून ऐकलेत. पण मी उलटतपासणी केली नाही. पहिल्यांदाच.

नोंद तेवढी सांगतो. अर्ज सोमवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, माझ्या नावाने गेला. दोघींच्या जबाबांप्रमाणे त्या वेळी घरात मी एकटाच होतो, आणि मी तर गोळी घेऊन झोपलो होतो. एमसी टोपलीखाली होतं तिथेच परत होतं, पण माझी चौपदरी घडी मोडून त्याची दुपदरी केलेली होती. ती कोणी केली, हे आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही.