चंदनाच्या पिशवीतला सोबती

रोपवाटिकेत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कमरेला सुतळीने बांधलेली कात्री हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तिच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. मालकसुद्धा तिच्याशी बोलताना आधी हवापाण्याचं काढत आणि मग दबकत मुद्द्यावर येत. बाई मनाने वाईट होती असं कुणीच म्हटलं नसतं. फक्त जे मनात येई ते वाटेत कुठेही न थांबता तोंडावाटे बाहेर पडे.

चंदनाचा सगळा विभाग तिच्याकडे होता. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या ओळी, प्रत्येक पिशवीत चंदनाचं एक रोप आणि त्याला खेटून लालसर पानांचं एक पसरट, फालतू दिसणारं झुडूप. या झुडपाला तिथे 'सोबती' म्हणत. नव्या माणसाला ते तणच वाटे.

चंदन दिसायला गरीब. पहिले काही आठवडे ते बियाण्यातल्या शिदोरीवर काढतं. शिदोरी संपली की पानं पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. मग खत घाला नाहीतर औषध मारा, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याला हवं असतं शेजाऱ्याचं मूळ. मातीत त्याचं बारीक, फिकट मूळ चाचपडत निघतं, सोबत्याच्या मुळाला लागतं, आणि लागलं त्या जागी मोहरीएवढी गाठ धरते. गाठ चपटी होऊन चिकटते, तिच्यातून एक पाचर सोबत्याच्या मुळात शिरते आणि नळ जोडला जातो. त्यानंतर रोप ओळखू येत नाही. पानं रुंद आणि गडद होतात, खोडावर तांबूस छटा येते, पानांच्या जोड्या एकीवर एक चढत जातात. "अर्धं चोर आहे हे बेणं," कात्रीबाई नव्या कामगारांना सांगे. "पाणी-मीठ शेजाऱ्याचं, स्वयंपाक तेवढा स्वतःचा." कारण हिरव्या पानांत अन्न शिजवायचं काम चंदन आपलं आपण करतं.

सोबत्याला मात्र अधूनमधून कापावं लागे. मोकळा सोडला तर तो चंदनाच्या डोक्यावर बसतो. फार कापला तर मरतो, आणि चंदन उपाशी. किती कापायचं हे कात्रीबाईच्या हाताला पक्कं माहीत होतं. जिभेला ते प्रमाण कधी साधलं नाही.

त्यापायी तिने थोरला मुलगा गमावला होता. थोरली सून वर्षभर घरात होती. एके दिवशी तिच्या आईच्या आजारपणावरून कात्रीबाई काहीतरी बोलून गेली, आणि थोरला बायकोला घेऊन जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. आपल्याला नात झाली हे तिला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्या दिवशी ती पिशवीभर भाजी दुकानातच विसरून घरी आली होती.

धाकटा वायरमन होता. त्याचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, मला बाहेरगावी काम मिळतंय. राहायला दोन खोल्याही देतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग?"

"मग हेच, की तू हिला एक शब्द जरी लागेल असा बोललीस, तर मी हो म्हणणार. वहिनीच्या वेळी मी मूग गिळून बसलो. आता नाही बसणार."

कात्रीबाईने घासलेलीच भांडी परत घासायला घेतली.

नवी सून लग्नाआधी एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची. चादरीला सुरकुती दिसली की तिचे हात शिवशिवत. रोपवाटिकेच्या आवारातल्या कात्रीबाईच्या लहानशा घरात ती आली, आणि डबे उंचीप्रमाणे लागले, टॉवेलांच्या घड्या एका मापाच्या झाल्या, आणि कात्रीबाईला चहाची पूड सापडेनाशी झाली. एरवी एवढ्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती दातओठ खात उठायची, आवाराच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीपाशी जायची आणि सगळं टाकीला ऐकवायची. टाकी जुनी, सिमेंटची, चहाड्या न करणारी. "चहाची पूड म्हणजे काय दागिना आहे, कडीकुलपात ठेवायला?" असं टाकीला खडसावून बाई परत येई तेव्हा चेहरा अगदी शांत. मुलाला वाटे, आई सुधारली.

सून अबोल होती. सासूला ती कुठल्याच नावाने हाक मारत नसे. काही हवं असलं की समोर येऊन नुसती उभी राही.

अशात कात्रीबाईच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिला चार दिवस तिकडे जावं लागलं. जाताना ती सुनेला म्हणाली, "ओळींना पाणी तेवढं घाल." यापेक्षा जास्त बोलायची तिला भीती वाटली. दोन वाक्यं बोलावीत तर तिसरं कुठलं निघेल याचा नेम नव्हता.

परत आली ती प्रवासाची पिशवी हातात घेऊन थेट जाळीखाली शिरली. मोठ्या रोपांच्या ओळी पुढच्या महिन्यात लागवडीला जायच्या होत्या. तिथे आणि लहान रोपांच्या ओळींतही पिशव्या दोरी लावल्यासारख्या सरळ मांडलेल्या होत्या. प्रत्येक पिशवी ओल्या फडक्याने पुसलेली, माती वरून थापून गुळगुळीत केलेली, आणि प्रत्येक पिशवीत चंदन एकटंच. सोबती औषधालाही शिल्लक नव्हता. रोपांनी माना टाकल्या होत्या.

सोबती उपटला की नुसता नळ तुटत नाही, त्याला चिकटलेली चंदनाची मुळंही ओरबाडून निघतात. कात्रीबाई तडक टाकीपाशी गेली.

"अक्कल गहाण टाकून आली का ही?" ती कडाडली. "हॉटेलातली केरसुणी! दिसलं की झाड, दिसलं की झाड! हिच्या आईने हिला झाडायला शिकवलं, बघायला नाही शिकवलं. पोरांसारखी वाढवलेली रोपं माझी, चार दिवसांत वाटोळं केलं त्यांचं!" असं बरंच काही झालं. शेवटी धाप लागली तेव्हा ती टाकीला टेकली, आणि पुढचं हळू आवाजात निघालं. "आणि पिशवी न् पिशवी पुसून ठेवलीय गाढवीनं. मला बरं वाटावं म्हणून. आता हिला बोलले तर हीपण जाईल. मग काय, तुझ्याशीच बोलत मरायचं मी."

तोंडावर पाणी मारून ती घरी गेली. सून घरात नव्हती. कात्रीबाईने चहा ठेवला. थोड्या वेळाने मागच्या दाराने सून आली आणि समोर उभी राहिली. हातांना माती होती, डोळे लाल.

"मला ते तण वाटलं," ती म्हणाली. "एक काढून बघितलं, तर मुळांना बारीक बारीक गाठी. कीडच लागलीय म्हटलं, चंदनालाही लागेल. म्हणून सगळंच काढलं."

कात्रीबाईच्या जिभेवर जे आलं होतं ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. चहा कढत होता. तोंड चांगलंच पोळलं.

"गाठी दिसल्या तुला?"

"हो."

"पुष्कळांना दाखवूनही दिसत नाहीत. उपटलेलं कुठे टाकलंस?"

"टाकीच्या मागे. सावलीत ढीग आहे."

"चल मग."

दोघींनी ढिगातल्या हिरव्या काड्या निवडल्या, त्यांचे बोटभर तुकडे केले आणि पिशव्यांच्या कडेला खोचले. सावली दाट व्हावी म्हणून जाळीवर दुसरी जाळी ताणली. चंदनाची बरीच पानं खुडून टाकली, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडू नये. मधेच कात्रीबाईने एक गाठ पात्याने कापून आतली पाचर दाखवली.

"म्हणजे चंदनाला पाणी मिळतं," सून म्हणाली. "सोबत्याला काय मिळतं?"

"त्याला माझी कात्री मिळते."

सून फिस्सकन हसली आणि लगेच गंभीर झाली, कारण जाळीखाली मालक आले होते.

"बाई, हा काय प्रकार? सोबती कुठे गेले?"

सुनेच्या हातातली काडी तशीच राहिली. चेहरा पांढराफटक.

"मीच काढायला लावले, मालक," कात्रीबाई म्हणाली. "जुने झाले होते, नवे लावू म्हटलं. अंदाज चुकला. चुकलं माझं."

मालक तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्यांनी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. ऐकवायला म्हणून जे आणलं होतं ते सगळं ते विसरले. लागवड पुढे ढकलायला सांगतो, पण मेलेल्या रोपांचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल, एवढंच पुटपुटून ते गेले.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. काड्यांना मुळं फुटायलाच वेळ लागला, तोवर काही रोपं वाळली. एक अख्खी ओळ गेली. ती दोघींनी मिळून फेकून दिली. लहान रोपं लवकर सावरली, मोठी बरेच दिवस रुसून बसली. मग एका सकाळी सुनेने एका पिशवीची कड हलकेच मोकळी केली आणि माती बाजूला सारली. चंदनाच्या नव्या पांढऱ्या मुळावर, सोबत्याच्या कोवळ्या मुळाला टेकून, मोहरीएवढी गाठ होती. पुढच्या काही आठवड्यांत पानांचा पिवळेपणा देठाकडून ओसरायला लागला.

त्याच सुमारास धाकटा जेवताना बायकोला म्हणाला, "ते बाहेरगावच्या कामाचं परत विचारतायत. काय सांगू?"

कात्रीबाईचा घास हातातच राहिला.

"नाही म्हणून सांगा," सून म्हणाली.

"आई तुला काही बोलली नाही ना?"

"मला? नाही."

दुसऱ्या दिवशी जाळीखाली कात्रीबाई सोबत्याचे शेंडे कापत होती. सून शेजारी येऊन उभी राहिली, पण या वेळी बोलली.

"त्या दिवशी तुम्ही टाकीशी बोलत होतात ना, तेव्हा मी पलीकडेच होते. ढिगापाशी बसले होते."

कात्री थांबली. "कुठपासून ऐकलंस?"

"अक्कल गहाण टाकल्यापासून."

"देवा! आणि तरी राहिलीस?"

"शेवटपर्यंत ऐकलं म्हणून राहिले." तिने एका पानावरची माती बोटाने पुसली. "जाऊबाईंना अर्धंच ऐकायला मिळालं असेल, आई."

'आई' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. पण कात्रीबाईला त्याचं सुख भोगता आलं नाही, कारण त्याच्या आधीचं वाक्य आत रुतलं होतं. तिने कमरेची सुतळी सोडली, कात्री सुनेच्या हातात दिली आणि ओळीच्या टोकाला जाऊन कितीतरी वेळ उगाच पाणी घालत बसली.

संध्याकाळी धाकटा कामावरून आल्या आल्या तिने त्याला थोरल्याच्या घरचा फोन लावायला सांगितला. तो घाबरला. "आई, कशाला आता..." पण बायकोने डोळ्यांनी खुणावलं तसा त्याने नंबर लावला आणि फोन आईकडे दिला.

फोन थोरल्या सुनेने उचलला. मागे कुठेतरी लहान मूल बडबडत होतं.

"हॅलो? कोण?"

"मी बोलतेय गं," कात्रीबाई म्हणाली. "तुझ्या आईबद्दल बोलले ते चुकलं माझं. ठेवू नकोस. माझं पुढचं बोलायचं राहिलंय."