रतनच्या वाकळेतला धोंडू

विंझरच्या बयाबाईची पहिली दोन्ही पोरं आतल्या खोलीत, तिच्या कुशीतच दगावली. म्हणून तीस साली धोंडू झाला तेव्हा सासूबाईंनी बारशालाच सांगून टाकलं, "तुझ्यापाशी पोर टिकत न्हाई. ह्यो आता रतनचा. पाजायपुरता तुझा." रतन ही थोरली जाऊ, तिला मूलबाळ नव्हतं आणि ती माजघरात निजायची.

पाजून झालं की बयाबाई पोर रतनच्या वाकळेत ठेवी अन् आत जाई. कुडापलीकडे धोंडू रडला की इकडे तिची चोळी दुधानं भिजे, पण हाक आल्याशिवाय उठायची तिला बंदी होती. "जगू दे की त्याला," एवढंच म्हणून नवरा कूस बदले.

धोंडू जगला. त्याचं दूध तुटल्यावर एका सांजेला तिनं भीतभीत विचारलं, "आत्याबाई, आता घिऊ का त्याला आत?"

सासूबाई बोलायच्या आधीच धोंडूनं रतनचा पदर मुठीत धरला.

"त्यो न्हाई यायचा, बया," रतन ओशाळून म्हणाली.

बयाबाई आत गेली. दुपारीच अंथरून ठेवलेली त्याची दुपटी तिनं गोळा केली आणि बाहेर आणून रतनच्या हवाली केली.