चौऱ्याण्णवावर अडलेला काटा

माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळली. त्याआधी ती पँटच्या हुकाला आणि स्कूटरच्या मागच्या चाकाला कळली होती. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी साखरेचा रिपोर्ट चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाल्या, "महिन्यात चार किलो उतरवा. नाही उतरलं तर गोळ्या सुरू. जन्मभराच्या!"

मी हादरलो. माझ्या चुलत्यांनी अशीच एका गोळीनं सुरुवात केली होती, आता त्यांच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या डब्यापेक्षा मोठा आहे. (शिरोलीच्या फाउंड्रीत मी वीस वर्षं वितळलेल्या लोखंडासमोर उभा आहे, पण गोळीला भितो!)

घरी येताच बायकोनं, सुनंदानं, कारभार हातात घेतला. भात बंद, साखर बंद, रविवारचं मटण बंद, आणि तेही सगळ्या घराचं! माझे वडील आबा तरुणपणी मुरगूडच्या तालमीत घुमलेले. ते कळवळून म्हणाले, "लेका, लवकर वाळ. माझं आता किती रविवार उरल्यात?"

मी रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारू लागलो. रविवारी काट्यावर चढायचं आणि मटणावर पाणी सोडलेलं घर श्वास रोखून भोवती उभं राहायचं. पहिला रविवार, चौऱ्याण्णव. दुसरा रविवार, चौऱ्याण्णव!

"श्वास सोडा," सुनंदा म्हणाली. सोडला.

"बनियन काढ," आबा म्हणाले. काढलं. काटा ढिम्म.

"काटाच बिघडलाय!" मी म्हणालो. सुनंदानं भरलेला सिलिंडर ओढत आणून काट्यावर ठेवला. सिलिंडरवर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन तंतोतंत जुळलं. काटा निर्दोष सुटला, आरोपी मी एकटाच राहिलो.

तिसऱ्या रविवारी साडेचौऱ्याण्णव!

"बाहीर काय खाताय?" सुनंदानं विचारलं.

"काय न्हाय!"

"मिसळ?"

"न्हाय!"

"वडा?"

"न्हाय म्हणतो की! अंबाबाईची शपथ, बाहीर एक घास तोंडात घातला न्हाय!"

शपथ खरी होती, म्हणून तर मला रडू फुटायची वेळ आली. आठ दिवस उरले होते. घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नव्यानं व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरून ठेवतात, सुरुवातीला काटा हलत नाही. कमरेचं माप घ्या." मी आनंदानं टेप गुंडाळली. कंबर अर्धा इंच वाढली होती!

"उद्या मी येतो तुमच्यासंगं," सुनंदा म्हणाली. आबाही रिक्षात बसून आले. मी पूर्ण फेरी मारली, घामानं निथळलो. सुनंदाच्या डोळ्यांत महिन्यात पहिल्यांदा माझ्याविषयी दया दिसली. ती दया कट्ट्यापर्यंत टिकली.

"या पावणं!" ताजी धार काढून विकायला कट्ट्यावर म्हैस घेऊन उभ्या असलेल्या गवळ्यानं हाक दिली आणि न सांगता माझा मोठा पेला धारेखाली धरला. फेसाळलेलं, गरम दूध मी घटाघटा प्यालो. त्यानं दुसरा भरला.

"ह्ये काय?" सुनंदानं पेल्याकडं बोट दाखवलं.

"दूध."

"रोज?"

"व्यायामानंतर खुराक नको?"

"तुमी तर घास घातला न्हाय म्हणला!"

"दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय?" मी मनापासून विचारलं. (आमच्याकडे दूध खाण्यात धरत नाहीत!) मदतीसाठी मी आबांकडं पाहिलं.

"मीच सांगितलंय त्येला," आबा छाती काढून म्हणाले. "खुराकाबिगर व्यायाम केला तर माणूस खंगतो. पर लेका, दोनच पेलं?"

"रविवारी तीन!" गवळ्यानं अभिमानानं माहिती दिली. (रविवारी वजन असायचं. अंगात जोर नको?)

सुनंदा आम्हा दोघांना धरून थेट दवाखान्यात घेऊन गेली. बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसला. "गोळ्या एक महिना पुढं ढकलते," त्या म्हणाल्या. "खुराक बंद, आजपासून." मला इतकं हलकं वाटलं, की काट्यावर चढावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गवळ्याला सांगायला गेलो. रोजचं गिऱ्हाईक तुटणार, बिचारा हळहळेल, म्हणून अवघडून म्हणालो, "आता मला दूध बंद झालंय."

त्यानं चक्क हात जोडले. "लई उपकार झालं, पावणं! त्येला काय ऱ्हातच नव्हतं बघा."

त्यानं बोट दाखवलं तेव्हा कुठं मला म्हशीमागं बांधलेलं रेडकू दिसलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. म्हणजे माझ्या महिनाभराच्या व्यायामानं चार किलो नक्की उतरले होते, फक्त ते माझे नव्हते!