मागे बांधलेला कॉम्प्युटर

मी संशयी माणूस नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की तो खोटं का बोलत असेल, एवढंच मी शोधत असतो. हा गुण आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. बाबूजी, म्हणजे माझे वडील, दूधवाल्यावर तर नजर ठेवायचेच, पण त्याची म्हैस दिवसातून किती पाणी पिते तेही जाऊन पाहून यायचे. अशा वातावरणात वाढलेला मुलगा सहजासहजी फसत नाही. तो मेहनत घेऊन फसतो.

गोंदियाजवळच्या कुडव्यात, रस्त्याकडच्या खोलीत माझा फोटो स्टुडिओ होता. रोलचा जमाना संपत आला होता. मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि गिऱ्हाइकांच्या अंगात आलं. कुणाला नवरा-नवरीच्या मागे बर्फाचे डोंगर हवे, कुणाला ग्रुप फोटोतून मोठे काका काढून हवे (लग्नानंतर भांडण झालं होतं). हे सगळं करायचं तर घरी कॉम्प्युटर पाहिजे. मंदा, माझी बायको, म्हणाली की कुणातरी जाणकाराला विचारून घ्या. पण ज्याला कळतं तो दुकानदाराला मिळालेला असतो, आणि ज्याला कळत नाही त्याला विचारून उपयोग नसतो. म्हणून मी बाबूजींना घेऊन गेलो.

बाबूजींनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात बैल मात्र ढिगानं पाहिले होते. त्यांचा एक सिद्धांत होता. दलाल ज्या बैलाची तारीफ करतो त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मागे, झाडाच्या आडोशाला बांधून ठेवलेला असतो आणि 'हा विकायचा नाही' म्हणतात, तो खरा बैल. या सिद्धांतावर आमच्या घरात आलेले दोन बैल चालताना बसायचे, पण त्यामुळे सिद्धांताला काही बाधा आली नव्हती.

गोंदियातल्या दुकानात शेठजींनी आमचं स्वागत केलं, चहा मागवला. (बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. चहा पाजतो म्हणजे घोटाळा मोठा आहे.) फोटोचं काम आहे म्हटल्यावर शेठजींनी समोरचा एक सेट सुरू करून दाखवला. म्हणाले, हाच घ्या, याच्या पडद्यावर रंग जसा असतो तसाच दिसतो.

"पाह्यलं?" बाबूजी माझ्या कानाशी लागले. "न इचारताच तारीफ करून राहिला."

मी दुसरा दाखवा म्हटलं. शेठजींनी दुसरा दाखवला, त्याचीही तारीफ केली. तोही बाद झाला. तेवढ्यात बाबूजी दुकानात मागेपर्यंत फिरून आले आणि त्यांचे डोळे चमकत होते. मागच्या टेबलावर अर्धवट कापड टाकलेला एक कॉम्प्युटर सुरू होता, आणि त्यावर शेठजींचा स्वतःचा हिशेब चालत होता. स्वतः वापरतो आणि आपल्याला दुसरा गळ्यात मारतो! बाबूजींनी त्याच्या डब्यावर बोटांनी टकटक केली, मागून वायरी पाहिल्या, आणि मान डोलावली.

"वो मत लो भैया," शेठजी घाईघाईनं उठले. "पुराना है. उसके परदे का रंग उतर गया है. मैं तो सिर्फ बिल बनाता हूँ उस पर."

झालं. आता आमची खात्रीच पटली. शेठजी जितके नाही म्हणत, तितके आम्ही पुढे सरकत होतो. ते म्हणाले, त्याच पैशात नवा देतो. बाबूजी हसले. नवा द्यायला तयार आहे आणि जुना सोडवत नाही, म्हणजे काय ते समजा. शेवटी शेठजींनी शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावलं आणि शेठजींनी नको म्हणून सांगितलं होतं, हे त्यांच्यासमोर माझ्याकडून वदवून घेतलं. ते नाटक मला फार आवडलं. सायकलरिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसताना मी वळून पाहिलं, तर शेठजी कपाळाला हात लावून उभे होते. मला वाटलं, हळहळतायत बिचारे.

घरी आल्यावर नागऱ्याच्या देवळात झालेल्या एका लग्नाचे फोटो लावून पाहिले. सगळं वऱ्हाड निळंसर दिसत होतं. नवरदेवाचे ओठ जांभळे, भटजी तर नुकतेच थंडीत आंघोळ करून आलेले. माझा पहिला संशय कॅमेऱ्यावर गेला. मग ट्यूबलाइटवर. मग कुडव्याच्या विजेवर. मग मी खिडकीचा निळा पडदा काढून टाकला, तो मंदानं आठवड्यापूर्वीच हौसेनं शिवला होता, त्यामुळे दोन दिवस तिच्या हातची भाजी अळणी होती (मुद्दाम होती असा माझा संशय आहे). शेवटी मला युक्ती सापडली. प्रत्येक फोटोत पिवळा रंग वाढवायचा. भरपूर वाढवला की माणसं माणसांसारखी दिसू लागायची. लग्नसराईचे फोटो एकदमच छापायला द्यायचे होते, त्यामुळे कागदावर अजून काहीच आलं नव्हतं. बाबूजींना यात काही विशेष वाटलं नाही. नवा बैलही सुरुवातीला बुजतोच, हात फिरवावा लागतो, असं ते म्हणाले.

आणि अशात ममताचं काम आलं. ममता ही माझी साळी, मंदाची धाकटी बहीण. ती आमच्याकडे राहून कॉलेज करत होती. चुलत बहिणीच्या लग्नात तिनं तिरोड्याकडचा एक मास्तर पाहिला होता आणि त्यानंही हिला पाहिलं होतं. मंदाच्या मामांनी मध्ये पडून बोलणी काढली. सगळं जुळत होतं. फक्त मुलाच्या आईनं मुलगी पाहिली नव्हती, आणि आधी फोटो पाठवा, मग बघू, असा तिचा निरोप होता. ममता तोंडानं काही बोलायची नाही, पण मास्तरचं नाव निघालं की तिच्या हातातून भांडी पडायची. तिला तोच मुलगा हवा होता, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी जीव ओतून फोटो काढला. कॉम्प्युटरवर घेतला. नेहमीप्रमाणे पिवळा वाढवला, आणि घरचंच काम म्हणून चिमूटभर जास्त वाढवला. मंदानं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, अगदी अशीच दिसते. सीडी घेऊन मी कलर लॅबला गेलो. लॅबवाले रंगात ढवळाढवळ करतात आणि वर त्याचे पैसे लावतात, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून सीडीवर ठळक लिहिलं, 'रंगाला हात लावू नये.' संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन आला की दादा, मुलगी जरा पिवळी वाटते, ठीक करू का? पाहा, कसा बरोबर ओळखला होता मी! मी त्याला चार शब्द सुनावून फोन ठेवला.

राहिले मामा. फोटो तेच लॅबमधून घेऊन परस्पर तिरोड्याची बस पकडणार होते. मामा सज्जन माणूस, पण त्यांना स्वतःच्या दोन पुतण्या लग्नाच्या होत्या. म्हणून पाकीट चिकटवून, वर टेप मारून द्यायला मी लॅबवाल्याला सांगितलं होतं. थोडक्यात, तो छापील फोटो मी पाहिला नाही, मंदानं पाहिला नाही, मामांनीही पाहिला नाही. माझा बंदोबस्त इतका चोख होता की थेट मुलाच्या आईनंच तो पहिल्यांदा पाहिला.

बरेच दिवस उत्तर आलं नाही. ममता फोनच्या खोलीतली जळमटं रोज काढू लागली. मग एका रविवारी मामा दारात उभे राहिले आणि त्यांच्यामागे मुलाची आई. धिप्पाड बाई, हातात कापडी पिशवी. बसल्या बसल्या त्यांनी मंदाला विचारलं, "तेल-तिखट बंद केलं का नाई?"

"कोनाचं?" मंदा गोंधळली.

"पोरीचं. लपवू नोका, माह्या दिरालेबी झाला होता पिलिया." आणि त्यांनी पिशवीतून काविळीवरची माळ काढली, जंगलाकडच्या गावातल्या वैद्याकडून मुद्दाम आणलेली. बाईंचं मन मोठं होतं. आधी पोरगी बरी होऊ द्या, मग लग्नाचं बोलू, असं सांगायला त्या इतक्या दूर आल्या होत्या.

नेमकी तेव्हाच ममता पाणी घेऊन आली. गाल तांबूस, चेहरा तजेलदार. बाईंनी तिला जवळ बसवलं, खालची पापणी ओढून डोळा पाहिला, मग दुसरा पाहिला. मग माळ बाजूला ठेवली.

"ही कोन होय?"

"ममताच तं आहे," मामा म्हणाले.

"मंग फोटोतली कोन?"

त्यांनी फोटो पुढे टाकला आणि आम्ही सगळ्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. लग्न ठरायच्या आधीच पोरीला हळद लागली होती. दात पिवळे, डोळे पिवळे, बांगड्यासुद्धा पिवळ्या. बाईंचा आवाज आता बदलला होता. एक पोरगी दाखवायची आणि दुसरी द्यायची, हे धंदे आपण ऐकून आहोत, असं त्या मामांना म्हणाल्या. ममता हातात रिकामं तबक घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले. एवढ्या चोख बंदोबस्तात मी तिचंच वाटोळं करून बसलो होतो, आणि कसं ते मला कळत नव्हतं.

अर्थात असं वाटलं म्हणून मी गप्प बसलो नाही. हे सगळं लॅबवाल्याचं कारस्थान आहे, असं मी जाहीर केलं. पुरावा म्हणून सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर नेलं आणि ममताचा फोटो उघडला. पडद्यावर ममता अगदी ममतासारखी होती. मी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं. बाबूजींनी डब्यावर थोपटलं.

बाईंनी पडदा पाहिला, हातातला फोटो पाहिला, आणि मला पाहिलं. मी त्यांना तिघांपैकी सर्वात संशयास्पद वाटलो असणार. त्या म्हणाल्या, "माहा फोटो काढ. आत्ता, माह्यासमोर."

मी काढला, लगेच पडद्यावर घेतला. खुर्चीत एक निळीकरडी बाई बसली होती. ओठ जांभळे, कान राखाडी. बाईंनी स्वतःच्या मनगटाला चिमटा काढला.

"मी जित्ती तं आहो ना?"

आणि मी, सवयीनं, माउसकडे हात नेत म्हणालो, "थांबा बाई, थोडं पिवळं टाकतो, मग बरोबर दिसाल."

माझं वाक्य संपलं आणि माझ्या मागे कुणीतरी श्वास रोखला. ममता होती.

"जिजाजी," ती हळूच म्हणाली, "मलेबी असंच टाकलं काय?"

त्यानंतर मला जे काही समजलं ते सगळं एकदम समजलं. शेठजी खरं बोलत होते. लॅबवाला खरं बोलत होता. पडदा निळा होता, आणि मी त्या निळ्यात महिनाभर पिवळं ओतत बसलो होतो. मी बाबूजींकडे वळलो, तर ते दारातून बाहेर पडत होते. त्यांना अचानक शेताची आठवण झाली होती.

बाई मात्र हसायला लागल्या. खुर्ची करकरली इतक्या हसल्या. मग उठल्या, ती काविळीची माळ घेतली आणि मॉनिटरच्या डोक्यावरून नीट घातली. "पिलिया पोरीले नाई, ह्याले आहे," म्हणाल्या. ममताला जवळ ओढून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मामांना सांगितलं की पोरगी पसंत आहे, घेनंदेनं काही नाही, पण आमची एक अट राहील. मंदानं माझा हात घट्ट धरला.

"लग्नाचे फोटो हा मानूस काढनार नाई."

ममतानं एवढ्या वेळात पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाली की तिलाही हेच सुचवायचं होतं.

लग्न थाटात झालं. फोटोसाठी बाईंनी तिरोड्याचा माणूस आणला. जावई म्हणून मला फेटा मिळाला, मान मिळाला, पण काम काहीच नव्हतं. म्हणून मी त्या फोटोग्राफरच्या आसपास राहून त्याच्यावर लक्ष ठेवलं. तो अल्बम आजही ममताच्या घरी आहे आणि पाहुणे आले की ती हौसेनं दाखवते. अंतरपाटात मी आहे, सप्तपदीत मी आहे, बिदाईत सगळे रडतायत तिथेही मी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मी मान वाकडी करून थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. रंग इतके अचूक आलेत की माझ्या डोळ्यांतला संशयसुद्धा स्वच्छ छापलाय.