काही न बदलणारा मिस्त्री

तुंगशीच्या बंदरामागे, कालवांच्या टरफलांचे ढीग जिथे संपतात तिथे, चुआंग शुई-च्युआन याचं गॅरेज आहे. एकसष्टी ओलांडलेल्या या गृहस्थाविषयी गावात दोन मतं नाहीत. एकच आहे, आणि ते फारसं बरं नाही. इतर गॅरेजांत गाडी टाकली की ती तासाभरात एखादी नवी वस्तू लेवून परत येते. शुई-च्युआनकडे टाकली की तो आधी बाकड्यावर बसतो आणि विचारत सुटतो. गाडी पावसात बंद पडते की उन्हात, चढावर की सपाटीला, आणि त्या दिवशी तिच्यात कोण कोण बसलं होतं?

एकदा एका मास्तरांच्या गाडीतला खडखडाट ऐकण्यासाठी तो डिक्कीत झोपून च्यायी शहरापर्यंत जाऊन आला आणि मागच्या सीटखालून बुद्धिबळातला हत्ती काढून त्याने मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी आभार मानले. पण नवं काहीच बसवलं नाही, म्हणून त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. अखेर वाटेत दुसरीकडे थांबून, वायपर बदलून ते घरी गेले. शुई-च्युआनची बायको पाओ-चू म्हणते, हे डॉक्टर झाले असते तर यांचे रोगी निदानाची वाट पाहत म्हातारपणाने मेले असते.

अशा माणसाच्या दारात एका सोमवारी राजेसाहेबांची गाडी दोरीने ओढत आणली गेली. राजेसाहेब म्हणजे बंदरावरच्या देवळातले देव. आजाऱ्याच्या घरी, नव्या नावेच्या पूजेला त्यांना जावं लागतं, आणि बावीस वर्षं त्यांची गाडी शुई-च्युआनचा बालमित्र को थिएन-फू चालवतो. तो गाडीतून उतरला आणि उंबऱ्यावर बसला.

हकिगत अशी होती. वसंतापासून ही गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सुरूच होत नसे. देवळाच्या समितीने रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. बॅटरी बदलू का, असं विचारलं, होकार आला. बॅटरी खरोखरच जुनी होती. बदलताच गाडी सुरू झाली आणि देवाच्या यंत्रज्ञानाविषयी कोणाला शंका उरली नाही. महिन्याने गाडी पुन्हा बसली. मग अध्यक्ष वेंग छिंग-याओ सुट्या भागांची यादी हाती घेऊन देवापुढे उभे राहू लागले आणि जिथे होकार येईल ती वस्तू बदलू लागले. डायनामो झाला, सेल्फ झाला, पंप, प्लग आणि किल्लीचं कुलूपही झालं. यादी संपली, गाडी होती तशीच होती.

“आता न बदललेली वस्तू एकच राहिली,” थिएन-फू म्हणाला. “मी. रविवारी सकाळी माझ्यावर कौल आहे.”

शुई-च्युआनने त्याच्यापुढे चहा ठेवला. “तू नीट चालतोस ना?”

“गुडघा सोडला तर चालतो.”

“मग तुला सगळ्यात शेवटी उघडू.”

संध्याकाळी त्याने गाडीला चांगली बॅटरी लावली, सगळं बंद केलं, दारं लावली आणि तारेत मीटर घालून तो बाकड्यावर बसला. झोपलेल्या गाडीने करंट पिऊ नये. ही मात्र थोडा थोडा पीत होती. मंगळवारी सकाळी त्याने एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला तसा मीटरचा आकडा खाली बसला. परत घातला, आकडा वर आला. पण गाडीत तर एकही दिवा लागलेला दिसत नव्हता. मग त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि हात घातला. आतल्या खाऊच्या पाकिटांतलं वरचं पाकीट नुकतंच कढईतून काढल्यासारखं ऊबदार होतं.

यंत्राजवळ मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्या मुलासारखं वागतं, हे तिथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पाकीट हिरवंच हवं आणि मुदतीतलं हवं. दर दुरुस्तीनंतर त्या त्या गॅरेजवाल्याने एक ठेवलं होतं आणि समितीने एक. सहा दुरुस्त्यांची बारा पाकिटं त्या कप्प्यात दाटीवाटीने बसली होती. कप्पा लागल्यासारखा दिसे, पण केसभर उघडा राही. त्यामुळे, कप्पा उघडला की लागणारा आतला दिवा दिवसरात्र जळे आणि बॅटरी पिऊन टाकी. गाडी बसली की नवी वस्तू येई, तिच्याबरोबर दोन पाकिटं येत आणि कप्पा आणखी थोडा उघडा राही.

निरोप गेल्यावर अध्यक्ष आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, राजेसाहेबांनी सहा वेळा चुकीचा कौल दिला असं म्हणायचंय का?

“छे हो, अध्यक्षसाहेब. डायनामो बदलू का, असं तुम्ही विचारलंत, ते म्हणाले बदला. घरातलं पोर नवं काही मागत असेल तर वडीलधारा कशाला नाही म्हणेल? काय बिघडलंय, हे त्यांना कोणी विचारलंच नाही.”

मग अध्यक्षांनी दुसरी अडचण काढली. एकाही पाकिटाची मुदत संपलेली नव्हती, आणि मुदतीतलं पाकीट गाडीबाहेर काढणं म्हणजे संकटाला पान वाढणं. शुई-च्युआनने ती बाराही मागच्या सीटवर ओळीने बसवली आणि त्यांना पट्टा बांधला. कप्पा खट्‌कन लागला. थिएन-फूने स्वतः गाडी देवळापुढे नेऊन उभी केली, आणि पाच दिवस तिला कोणी हात लावला नाही.

रविवारी सारी समिती जमली. थिएन-फूने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. तरी कौल टाळता येईना. देवाला दिलेली वेळ मोडायची कशी? अध्यक्षांनी हात जोडून विचारलं, चालक बदलावा काय? दोन्ही तुकडे उताणे पडले. तिकडे त्याचा अर्थ देव हसताहेत असा करतात. पुन्हा टाकले, पुन्हा उताणे. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मागे कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं.

“आणखी एकदा विचारा,” थिएन-फू दारातून म्हणाला. “मला काही घाई नाही.”

अध्यक्षांनी तुकडे खिशात घातले. बाहेर आल्यावर गाडीशी थबकून, थिएन-फूकडे न पाहता त्यांनी विचारलं, पुढे बसू की मागे? मागे पाकिटं होती. थिएन-फूने स्वतःच्या शेजारचं दार उघडून धरलं.